रिसिव्हर सगळ्यात शेवटी निवडा

घरच्या होम थिएटरचा प्रश्न थोडक्यात असा, खोली १५ बाय १२ फूट, सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला, सुरुवात ५.१ ने (पाच स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) करायची आणि पुढेमागे ॲटमॉस (छतावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत) जोडायचं, दोन रिसिव्हर (सगळे स्पीकर चालवणारा, आत ॲम्प असलेला खोका) बघून ठेवलेत, एकावर १०० वॅट लिहिलंय आणि दुसऱ्यावर १५०, तर १५० वाला घेतला की आवाज दमदार येईल ना, आणि ७.१ (मागे अजून दोन स्पीकर) करून टाकू का. शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय की स्पीकर अजून ठरले नाहीत. गोची तिथेच आहे. याला आधी कळस मग पाया म्हणतात. २० वर्षं लोकांच्या घरात हे खोके जोडतोय, आणि अजूनही १० पैकी ८ जण आधी रिसिव्हर घेऊन बसतात आणि मग उरलेल्या पैशात मिळतील ते स्पीकर. नाकापेक्षा मोती जड. खोली कशी आहे, कुठे बसणार, त्यावरून स्पीकर, आणि त्या स्पीकरना काय लागतं त्यावरून रिसिव्हर, या क्रमाने गेलात तर अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी वॅटचं उरकून टाकू. खोक्यावर ठळक अक्षरात १५० वॅट असतं आणि खाली बारीक अक्षरात ६ ओहम (स्पीकरचा विजेला होणारा विरोध), १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी (आवाज किती फाटला ते), १ चॅनल (एका स्पीकरची वाट). म्हणजे काय, तर बाकीचे सगळे चॅनल गप्प बसवून, एकाच चॅनलमधून एकच सूर वाजवून, आवाज पार फाटेपर्यंत ताणला तेव्हा कुठे १५० मिळाले. त्याच मशीनच्या स्पेसिफिकेशनमध्ये दुसरा आकडा शोधा, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के टीएचडी, २ चॅनल चालू, तिथे हाच १५० वाला बऱ्याचदा ८०-९० वर आलेला दिसतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. पाचही चॅनल एकदम जोरात वाजले तर अजून खाली, कारण पॉवर सप्लाय एकच आणि सगळे त्याच एका ताटात जेवतात. तेव्हा तुमचे १०० आणि १५० हे एकाच पद्धतीने मोजलेत का ते आधी बघा, मला तरी शंका आहे.

आणि समजा मोजलेत एकाच पद्धतीने, तरी १०० आणि १५० मधला फरक पावणेदोन डेसिबलचा. बस. रिमोटवर दोन-तीन वेळा बटण दाबलं तेवढा. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज "दुप्पट" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे पॉवर १० पट. उलट ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते) ऐवजी ९० वाला स्पीकर घेतला तर ॲम्प दुप्पट केल्याइतका फायदा बसल्या जागी मिळतो. म्हणून म्हणतो स्पीकर आधी.

तुमच्या खोलीचाच हिशोब करून दाखवतो. ८७ डेसिबलचा स्पीकर म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८७. तुम्ही बसणार ३ मीटरवर, मोकळ्या मैदानात साडेनऊ डेसिबल गेले असते पण खोलीत भिंती थोडं परत देतात, म्हणून ८० धरा. थिएटरच्या रेफरन्स लेव्हलला (सिनेमागृहासाठी ठरलेली आवाजाची पातळी) मेन चॅनलचे सगळ्यात मोठे दणके १०५ डेसिबलचे असतात, म्हणजे अजून २५ डेसिबल, म्हणजे ३०० वॅटच्या वर. घाबरू नका, घरात रेफरन्सवर कोणी ऐकत नाही, मीसुद्धा नाही, शेजारी राहू देणार नाहीत. बहुतेक घरात व्हॉल्यूम उणे १५ ते उणे २० च्या आसपास असतो (कॅलिब्रेशन म्हणजे लेव्हलची जुळवणी नीट झाली असेल तर ० म्हणजे रेफरन्स). उणे १५ वर तोच दणका ९० डेसिबलचा, आणि त्याला लागतात १० वॅट. हो, १०. आणि सगळ्यात जास्त पॉवर खाणारा खालचा बास तर सबवूफरकडे जातो ज्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प असतो. तेव्हा तुमच्या खोलीत ८ ओहमवर खरेखुरे ८० वॅट असतील तर विषय संपला. स्पीकर ४ ओहमचे निघाले किंवा सेन्सिटिव्हिटी ८३-८४ असली तर मात्र गोष्ट वेगळी, त्यावर खाली येतोच.

मग पैसे कशाला मोजायचे? माझ्या मते पहिला नंबर रूम करेक्शनचा. माइक लावून टेस्ट टोन वाजवून रिसिव्हर प्रत्येक स्पीकरचं अंतर, लेव्हल, क्रॉसओव्हर (कुठल्या सुराखालचा बास सबवूफरकडे पाठवायचा ती सीमा) आणि इक्वलायझेशन (कुठला सूर किती वर-खाली करायचा) ठरवतो ते. हे नुसतं जाहिरातीतलं कलम नाही, तुमच्या खोलीसारख्या चौकोनी खोलीत बासचा निम्मा आवाज खोलीच बनवत असते. १५ फुटांच्या लांबीला साधारण ३७-३८ हर्ट्झवर आणि १२ फुटांच्या रुंदीला ४७ च्या आसपास लाट उभी राहते, म्हणजे त्या सुरांवर भिंतीजवळ बास घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ गायब होतो. तुमचा सोफा भिंतीला टेकलाय म्हणजे तुम्ही घुमणाऱ्या बाजूला बसलाय. हा फुगवटा रूम करेक्शन छान दाबतं. खड्डा मात्र भरत नाही, तिथे कितीही पॉवर ओतली तरी लाटा एकमेकांना खातातच, तिथे सब किंवा सोफा हलवणं हाच उपाय.

आता सगळी करेक्शन सारखी नसतात. डेनॉन-मारांट्झमध्ये ऑडिसी असतं, पण खालच्या मॉडेलमधलं साधं मल्टइक्यू आणि वरचं एक्सटी३२ यांत जमीन-अस्मानाचा फरक, बासमध्ये एक्सटी३२ कितीतरी बारीक काम करतं. यामाहामध्ये वायपाओ, अँथममध्ये त्यांचं स्वतःचं एआरसी (हे एचडीएमआयचं एआरसी नव्हे, नावं ठेवणाऱ्यांना दंडवत), ऑन्क्योच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डिराक लाइव्ह. डिराक मला आवडतं पण काही रिसिव्हरमध्ये त्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं, काहींत मिळतं ते ठरावीक फ्रिक्वेन्सीपर्यंतच आणि वरच्या पट्ट्यासाठी पुन्हा पैसे, तर हे घ्यायच्या आधी विचारून घ्या नाहीतर वराती मागून घोडं. मला तुम्ही १५० वॅट आणि साधं करेक्शन विरुद्ध ९० वॅट आणि चांगलं करेक्शन असे दोन रिसिव्हर दाखवलेत तर मी डोळे मिटून दुसरा उचलेन. ऑफसीझनमध्ये मागच्या वर्षीचं वरचं मॉडेल मिळालं तर अजून उत्तम, वर्षावर्षाला यांच्यात फार काही बदलत नाही.

"अमक्या ब्रँडचा आवाज गोड आणि तमक्याचा टोचतो" हे मी पण एकेकाळी बोलायचो. आता नाही बोलत. लेव्हल नीट जुळवून, करेक्शन बंद ठेवून, ॲम्पला दम लागेल असं काही न वाजवता ऐकलं तर बहुतेक वेळा ओळखू येत नाही, आणि करेक्शन चालू केलं की जो फरक ऐकू येतो तो करेक्शनचा असतो, ब्रँडच्या रक्ताचा नाही.

एक किस्सा सांगतो. एका घरी गेलो, तक्रार ही की डायलॉग कळत नाहीत, सबटायटल लावून बघावं लागतं, आणि यासाठी साहेबांनी रिसिव्हर बदलून मोठा आणला होता. डायलॉग तरीही तसेच, कारण सेंटर स्पीकर टीव्हीखालच्या कपाटात चांगला वीतभर आत ढकललेला, वरची फळी आणि खालची फळी यांच्यामध्ये, तोंड बसणाऱ्याच्या गुडघ्याकडे. मी तो ओढून कपाटाच्या कडेच्या अर्धा इंच बाहेर आणला, पुढच्या बाजूला खाली दोन खोडरबर सरकवले म्हणजे तोंड कानाकडे वर झालं, आणि लेव्हल २ डेसिबल वाढवली. साहेबांनी तोच सीन परत लावला, मिनिटभर ऐकला, मग सबटायटल बंद केले आणि काही बोललेच नाहीत. जुना रिसिव्हर तोवर विकून झाला होता.

आता चॅनलचं. तुमचा सोफा भिंतीला आहे, तर ७.१ विसरा. ७.१ मधले मागचे दोन स्पीकर तुमच्या मागे १३५ ते १५० अंशांवर यायला हवेत, आणि तुमच्या मागे तर भिंत आहे. भिंतीवर टांगले तर ते कानाला चिकटून ओरडतील. ५.१ चे सराउंड नीट बाजूला, कानाच्या रेषेत किंवा किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर, एवढं करा, आणि उरलेले दोन चॅनल छतासाठी ठेवा म्हणजे ५.१.२. हाच ७ चॅनलचा रिसिव्हर दोन्ही करतो, ७.१ किंवा ५.१.२, तुम्ही निवडायचं. पुढे छतावर चार हवे असतील म्हणजे ५.१.४, तर ९ चॅनल लागतील. इथे एक पळवाट आहे जी विक्रेते सांगत नाहीत, काही रिसिव्हर ॲम्पपेक्षा जास्त चॅनल प्रोसेस करू शकतात, म्हणजे आत ॲम्प ७ पण प्रोसेसिंग ९ चं, आणि बाकीचे दोन प्री-आउटमधून (ॲम्पच्या आधीचा सिग्नल बाहेर देणारं भोक) बाहेरच्या छोट्या ॲम्पला द्यायचे. स्पेकमध्ये दोन्ही आकडे वेगवेगळे बघा.

छताला भोक पाडायचं नसेल म्हणून वर तोंड करून छतावरून आवाज परतवणारे स्पीकर मिळतात. चालतात, पण छत सपाट, टणक आणि फार उंच नसेल तरच, आणि खरं सांगू का, छतातल्या खऱ्या स्पीकरच्या ते निम्म्यावर पण येत नाहीत. घाई नसेल तर ५.१ वर थांबा आणि पुढे छतात नीट बसवा. ॲटमॉस २०१४ पासून घरात आहे, कुठे पळून जात नाही.

एचडीएमआयवर लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात. तुम्ही काय बघता हे आधी ठरवा. नुसतं टीव्हीतल्या ॲपवरून स्ट्रीमिंग असेल तर तिथला ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो साध्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने उलटा रिसिव्हरला नेणारी सोय) पण जाऊ शकतो, टीव्हीने आडकाठी केली नाही तर. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ (दर्जा न घटवलेला आवाज) टीव्हीमार्गे रिसिव्हरला द्यायचा असेल तर ईआर्क (एआरसीचाच मोठा भाऊ) लागतो, जो एचडीएमआय २.१ बरोबर आला. आणि काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, ईआर्क असो नाहीतर नसो. म्हणून डिस्क प्लेअर सरळ रिसिव्हरला लावा, तिथून चित्र टीव्हीला, हा जुना रस्ताच सगळ्यात कमी कटकटीचा. ऑप्टिकल वायरचा मोह धरू नका, त्यातून स्टिरिओ पीसीएम (कॉम्प्रेस न केलेला) किंवा साधा कॉम्प्रेस केलेला ५.१ एवढंच जातं, ॲटमॉस जात नाही.

गेमिंग असेल तर ४के १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) बघा, आणि ते किती इनपुटवर आहे तेही, कारण खोक्यावर ८के लिहिलेलं असतं आणि ७ पैकी ३ पोर्टच खरे त्या वेगाचे निघतात. २०२० मध्ये एचडीएमआय २.१ वाल्या पहिल्या खेपेच्या काही रिसिव्हरमध्ये चिपचीच गडबड होती, ठरावीक कन्सोल ४के १२० वर लावला की काळा पडदा. तेव्हा सेकंडहँड घेताना त्या काळातलं मॉडेल असेल तर तपासून घ्या, आणि एकूणच जुन्या रिसिव्हरचा प्रत्येक एचडीएमआय पोर्ट हाताने लावून बघा, सगळ्यात आधी मरतात ते पोर्टच, ॲम्प नाही. गेमिंग नसेल तर २.१ च्या नावाने एक पैसा जास्त देऊ नका.

४ ओहमचे स्पीकर, ते वर म्हटलं ते. रिसिव्हरच्या मागे किंवा मॅन्युअलमध्ये कमीत कमी किती ओहम चालतं ते लिहिलेलं असतं. मेन्यूमध्ये ४ ओहमचं सेटिंग असतं ते बघून लोक खूश होतात, पण ते सेटिंग ॲम्पला ताकद देत नाही, व्होल्टेज कमी करून त्याला गरम होण्यापासून वाचवतं, म्हणजे आवाज अजून दबतो. तुमचे स्पीकर चालवायला खरंच जड असतील तर प्री-आउट असलेला रिसिव्हर घ्या, पुढे कधीतरी पुढच्या तिघांसाठी (डावा, सेंटर, उजवा) वेगळा पॉवर ॲम्प जोडता येईल. तुमच्या खोलीत ती वेळ येईल असं मला वाटत नाही, पण प्री-आउट असले की दार उघडं राहतं. सबवूफरचे प्री-आउट दोन दिसले तर विचारा की दोन्ही स्वतंत्र ॲडजस्ट होतात की आतून एकच वायर फोडून दोन भोकं दिलीत. पुढे दुसरा सब घ्यायचा विचार असेल तर हा प्रश्न लाखमोलाचा, दोन सब म्हणजे जास्त आवाज नव्हे, सगळ्या सीटवर सारखा बास.

गरम होण्यावरून आठवलं, रिसिव्हरच्या वर सेटटॉप बॉक्स, राउटर, फोटोफ्रेम काहीही ठेवू नका. वरच्या जाळीतून उष्णता बाहेर पडते, वर ४-६ इंच मोकळी जागा हवी, बंद कपाट नको. आणि वायर जोडताना तांब्याचा एक जरी केस लाल आणि काळ्या टर्मिनलच्या मध्ये टेकला तर मशीन प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतं, लाइट लुकलुकते, आणि माणूस समजतो नवीन मशीन जळालं. जोडायच्या आधी टोकं पीळ देऊन नीट गुंडाळा नाहीतर बनाना प्लग लावा. १४ किंवा १६ गेजची साधी तांब्याची वायर भरपूर झाली, सोन्याच्या भावाची वायर विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा.

माइक लावताना हातात धरू नका, सोफ्याच्या पाठीवर पण टेकवू नका, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घ्या, बसल्यावर कान जिथे येतो त्या उंचीवर, पाठीपासून थोडा पुढे. पंखा, एसी बंद, घरातले सगळे गप्प. एकच जागा मोजून थांबू नका, सगळ्या जागा मोजा पण पहिली तुमची. मोजणी झाली की तीन गोष्टी तपासायच्या. एक, मोठ्या स्पीकरना तो "लार्ज" ठरवून मोकळा होतो, ते "स्मॉल" करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा, छोटे बुकशेल्फ असतील तर १०० पण चालेल. स्मॉल म्हणजे स्पीकरचा अपमान नव्हे, फक्त बास सबकडे पाठव एवढाच निरोप. दोन, सबच्या मागचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर किंवा एलएफई (सबचा स्वतःचा क्रॉसओव्हर बाजूला ठेवणारं सेटिंग) वर ठेवा, नाहीतर एकदा रिसिव्हर कापतो आणि एकदा सब कापतो.

तिसरी गंमत अशी, रिसिव्हर सबचं अंतर दाखवेल २० फूट किंवा त्याहून जास्त, जेव्हा तो १० फुटांवर ठेवलाय, आणि लोक टेप घेऊन मोजतात आणि "चूक" दुरुस्त करतात. करू नका. सबच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज थोडा उशिरा निघतो आणि तो उशीर रिसिव्हरने अंतर म्हणून मोजलेला असतो. माणसाने बदललं की बास मागे पडतो, दणका आधी दिसतो आणि छातीत नंतर बसतो.

तर तुमच्यासाठी, ७ चॅनल, ८ ओहमवर दोन चॅनलला खरे ८० वॅट किंवा जास्त, ईआर्क, निदान पुढच्या तिघांना प्री-आउट, आणि तुमच्या पैशात बसेल तेवढं चांगलं रूम करेक्शन, एवढं ज्यात असेल तो घ्या, तो १०० वाला निघाला तर १०० वाला. वाचलेले पैसे सेंटर आणि सबमध्ये घाला. सोफा भिंतीपासून फूटभर जरी पुढे आणता आला तरी आणून बघा, फुकट आहे. आणि आत्ता वायर ओढताना छताच्या चार कोपऱ्यांसाठी पण वायर ओढून टोकाला चिठ्ठ्या लावून गुंडाळून ठेवा, रंगकाम झाल्यावर भिंत फोडायला घरातले परवानगी देत नाहीत.